घरात बंदुकीची जागा

ज्या घरात परवान्याची बंदूक आहे, त्या घरापुढे वरकरणी लहान वाटणारा एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतो : ती ठेवावयाची कोठे? दिवाणखान्यातील भिंतीवर, आल्यागेल्याच्या नजरेस पडेल अशी. की कपाटातील कपड्यांच्या थराखाली, कोणाच्या ध्यानातही येणार नाही अशी? बंदूक बाळगणे योग्य की अयोग्य, हा वाद येथे घ्यावयाचा नाही. तो मोठा आहे आणि त्याचा निर्णय कायदा व समाज आपापल्या परीने करीत असतात. प्रस्तुत प्रकरणाचा विषय त्यामानाने मर्यादित आहे. बंदूक घरात आहे असे गृहीत धरून केवळ तिच्या जागेचा विचार येथे करावयाचा आहे. हा विचार करीत असता असे दिसून येईल, की 'दाखवावी की लपवावी' ही प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे. आणि या अपुऱ्या मांडणीमुळे घराघरांतून अशा चुका होतात, की ज्या एकदा घडल्या म्हणजे सुधारता येत नाहीत.

भिंतीवरील बंदूक

शस्त्र दर्शनी ठेवण्याची चाल आपल्या देशात जुनी आहे. राजवाड्यांतून ढाली, तलवारी, भाले आणि पुढे बंदुका यांची मांडणी केलेली असे. जयपूरच्या राजवाड्यातील 'सिलेहखाना' आज संग्रहालयाच्या रूपाने पाहावयास मिळतो. मराठीतही शस्त्रागाराला 'शिलेखाना' हा शब्द होता. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. राजाचे शस्त्रागार हे पाहण्यासाठी उघडले जात असले, तरी ते मुळात पहाऱ्यातले दालन होते. त्याची मोजदाद होत असे आणि ती ठेवणारा माणूस जबाबदार धरला जात असे. सामान्य गृहस्थाने भिंतीवरील मांडणी उचलली. त्यामागील पहारा मात्र त्याच्या घरी आला नाही.

इंग्रजी अमदानीत या मांडणीला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगणे अशक्य केले. परवाना मिळणे म्हणजे सरकारदरबारी वजन असणे, असे समीकरण रूढ झाले. साहजिकच बंदूक ही संरक्षणाच्या साधनाबरोबरच प्रतिष्ठेची खूणही ठरली. आणि प्रतिष्ठेची खूण पेटीत बंद करून ठेवावी असे कोणास वाटेल? शिकारीत मिळालेल्या शिंगांच्या खाली, आजोबांच्या तसबिरीशेजारी, ओटीवरच्या दोन खुंट्यांवर बंदूक आडवी झाली ती याच कारणाने.

दर्शनी बंदुकीच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे तीन आहेत. पहिले कारण स्मृतीचे : वडिलांची वा आजोबांची वस्तू डोळ्यांसमोर असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. दुसरे कारण जरबेचे : घरात शस्त्र आहे हे चारचौघांना ठाऊक असले, तर वाकड्या वाटेने कोणी येणार नाही अशी समजूत असते. तिसरे कारण फारसे बोलून दाखवले जात नाही, पण ते या तिहींत सर्वांत सबळ आहे. भिंतीवरची वस्तू जागेवर नसली, की ते तत्काळ दिसते. रिकामी खुंटी घरातल्या प्रत्येकाला काही तरी सांगते.

यांपैकी जरबेचे कारण तपासून पाहिले असता टिकत नाही. घरात माणूस जागा असेल तोवर जरब असते. घर बंद करून मंडळी लग्नाला वा यात्रेला गेली, म्हणजे तीच दर्शनी बंदूक चोराला काय न्यावे याची माहिती पुरवते. चोरीची बंदूक दागिन्यासारखी मोडीत जात नाही. ती पुढे दुसऱ्या कोणावर तरी रोखली जाते. म्हणजे मालकाचे नुकसान बंदुकीच्या किमतीपुरते राहत नाही. शिवाय खुंटीवरच्या बंदुकीला पाहणाऱ्याची नजर जशी पोचते, तसाच स्टुलावर चढलेल्या मुलाचा हातही पोचतो.

कोडगूचा दाखला

शस्त्र उघडपणे मिरवणारा समाज म्हणून कर्नाटकातील कोडगू, म्हणजेच जुने कुर्ग, येथील कोडव समाजाचे नाव नेहमी घेतले जाते. १८६१ साली, कमिशनर मार्क कबन यांच्या कारकिर्दीत, या समाजाला निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून वगळण्यात आले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, तेव्हाही ही सवलत १९६३ च्या अधिसूचनेने चालू राहिली. कोडव आणि तेथील जम्मा जमिनीचे धारक यांना ती लागू आहे. २०१९ साली केंद्र सरकारने तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली, आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

कोडवांच्या जीवनात बंदुकीला स्थान आहे ते केवळ लढाईमुळे वा शिकारीमुळे नव्हे. त्यांची घरे भातखाचरांच्या आणि कॉफीच्या मळ्यांच्या प्रदेशात एकमेकांपासून दूर दूर विखुरलेली असत. अशा मुलखात बंदुकीचा आवाज हा निरोप होता. मुलगा जन्मला की एक बार काढावयाचा. घरात मृत्यू झाला की लागोपाठ दोन. दरीपलीकडच्या शेजाऱ्याला त्यावरून समजे, की बारशाची तयारी करावयाची की खांदा द्यावयास जावयाचे.

'कैलपोळ्द' हा त्यांचा शस्त्रांचा सण सप्टेंबरच्या आरंभी, भाताची लावणी आटोपल्यावर येतो. त्या दिवशी बंदुका, तलवारी आणि कोयते स्वच्छ करून घराच्या मधल्या दालनात, पितरांच्या दिव्यासमोर मांडतात. त्यांना गंध लावतात आणि ज्या फुलाला ते 'तोक पू', म्हणजे बंदुकीचे फूल, असे म्हणतात, त्या फुलाने सजवतात. हे फूल महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित नाही. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेने फुलणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी ती हीच. महाराष्ट्रात खंडेनवमीला होणाऱ्या शस्त्रपूजेशीही या सणाचे नाते सहज जुळते.

या वर्णनावरून कोडवांची बंदूक वर्षभर दालनात झळकत असते असे कोणास वाटेल. परंपरा मात्र निराळे सांगते. लावणीच्या महिन्यांत, सारे कुटुंब शेतात राबत असताना, घरातील शस्त्रे 'कन्नि कोंबरे' या देवघरात ठेवून दिली जात. सणाच्या दिवशी ती तेथून बाहेर निघत, मधल्या दालनात मांडली जात आणि तेथून कुटुंबातील पुरुषांच्या हाती जात. कारण येथून पुढे उभ्या पिकाची रानडुकरांपासून राखण करावयाची असे. म्हणजे शस्त्र देवघरात असे तेव्हा त्याला हात लावणे निषिद्ध असे. ते बाहेर निघे तेव्हा सर्वांच्या समक्ष निघे, आणि हातात जाई तेव्हा ठरावीक कामासाठी जाई.

ज्या समाजात शस्त्राचा एवढा मान, त्या समाजानेही शस्त्र केवळ 'दाखवले' नाही, हा या दाखल्याचा बोध आहे. त्याला जागा होती, काळ होता आणि त्याचा हिशेब ठेवणारे थोरले माणूस होते. हा सारा बंदोबस्त वजा करून बाहेरच्यांनी फक्त दालनातील देखावा तेवढा पाहिला, तर त्यांनी सणाचा एक दिवस पाहिला आणि उरलेले वर्ष पाहिले नाही असे म्हणावे लागेल.

लपवलेली बंदूक

भिंतीवरच्या बंदुकीचे धोके ज्यांना पटतात, ते बहुधा दुसऱ्या टोकाला जातात. बंदूक गादीखाली जाते, माळ्यावरच्या ट्रंकेमागे जाते किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात शालीत गुंडाळली जाते. आता ती कोणाला ठाऊक नाही, तेव्हा धोकाही नाही, अशी घरधन्याची खात्री असते. ही खात्री किती पोकळ असते याची परीक्षा अमेरिकेत झालेली आहे. तेथे घरगुती बंदुकांचे प्रमाण मोठे असल्यामुळे या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यासही तेथे अधिक झाला.

बॅक्स्ली आणि मिलर या दोन संशोधकांनी अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागात, ज्यांच्या घरी बंदूक आहे असे आईबाप आणि त्यांची मुले यांना वेगवेगळे प्रश्न विचारले. त्यांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आमच्या मुलाला बंदुकीची जागा ठाऊक नाही, असे ज्या पालकांनी सांगितले, त्यांच्यापैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी ती जागा आपणास ठाऊक असल्याचे सांगितले. आमच्या मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही, असे म्हणणाऱ्या पालकांपैकी २२ टक्क्यांचे म्हणणे त्यांच्याच मुलांनी खोटे ठरवले. मुलांना बंदुकीविषयी समज दिलेल्या घरांतही पालकांचा अंदाज अशाच प्रमाणात चुकला होता.

सापडलेल्या बंदुकीचे मूल काय करते, याचे उत्तर २००१ साली अटलांटा येथील एका प्रयोगाने दिले. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या २९ गटांत विभागून एका खोलीत थोडा वेळ बसवण्यात आले. त्या खोलीतील खणांत खेळण्यातली पाण्याची पिस्तुले आणि एक खरे, पण गोळी सुटणार नाही असे केलेले पिस्तूल ठेवले होते. २१ गटांना खरे पिस्तूल सापडले. त्यांपैकी १६ गटांतील मुलांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. ज्यांना ते सापडले, त्यांच्यातील जवळजवळ निम्म्या मुलांना ते खेळणे वाटले किंवा त्याविषयी शंका होती. हाताळणाऱ्या वा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीपासून सावध राहण्याचे शिक्षण पूर्वी मिळालेले होते, ही या प्रयोगातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट होय. यावरून शिक्षण देऊ नये असे ठरत नाही. परंतु शिक्षण हे कुलपाची जागा घेऊ शकत नाही, एवढे निश्चित ठरते.

गुपित हे संरक्षण म्हणून दुर्बळ का असते? याचे कारण त्याच्या स्वरूपातच आहे. गुपित टिकावयाचे तर घरातील प्रत्येक माणूस, प्रत्येक पाहुणा, प्रत्येक नोकर आणि प्रत्येक मूल सदासर्वकाळ अज्ञानात राहिले पाहिजे. घरातील मुले तर दुपारच्या वेळी, मोठी माणसे झोपली असता, प्रत्येक कप्पा आणि प्रत्येक ट्रंक धुंडाळत असतात; दिवाळीचा फराळ कोठे लपवला आहे हे ज्यांना समजते, त्यांना बंदूक समजणार नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कुलूप तोडले गेले तर तुटलेले कुलूप दिसते. गुपित फुटले तर ते फुटले आहे हे मालकाला कळतच नाही. तो पूर्वीइतकाच निश्चिंत असतो आणि नेमकी ही निश्चिंतीच घातक ठरते. भिंतीवरच्या बंदुकीत निदान एवढा गुण होता, की ती नाहीशी झाल्याचे दिसत असे. लपवलेली बंदूक चोरीस जाऊनही कित्येक आठवडे लक्षात न येण्याचा संभव असतो.

तेव्हा दाखवणे आणि लपवणे या दोन उपायांत जो विरोध दिसतो, तो वरवरचा आहे. दोन्ही उपाय नजरेचा विचार करतात. एक नजरेला बोलावतो, दुसरा तिला चुकवतो. इजा मात्र नजरेने होत नाही, हाताने होते. आणि हाताला अडवण्याची सोय दोहोंतही नाही.

अंतराचे महत्त्व

आतापर्यंत मुलांचा आणि चोरांचा विचार केला. परंतु घरातील बंदुकीचा सर्वांत मोठा धोका घरातील प्रौढ माणसालाच, किंबहुना कित्येकदा तिच्या मालकालाच असतो. निराशेच्या भरात, कर्जाच्या वा अपमानाच्या ओझ्याखाली माणसाच्या मनात स्वतःचा जीव घेण्याचा विचार येतो. पुष्कळांच्या बाबतीत हा विचार लाटेसारखा चढतो आणि ओसरतो. त्या चढत्या घटकेत हाताशी काय आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. इतर अनेक मार्गांत माणूस वाचण्याची, कोणी धावून येण्याची शक्यता शिल्लक राहते. बंदुकीच्या बाबतीत ती फारच थोडी असते.

या संदर्भात इस्राएलच्या सैन्याचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीत घरी जाताना आपली रायफल बरोबर नेत असत. २००६ साली सैन्याने धोरण बदलले आणि सुट्टीवर जाताना रायफल तळावरच ठेवण्याची पद्धत सुरू केली. त्यानंतर सैनिकांच्या आत्महत्यांचे वार्षिक प्रमाण ४० टक्क्यांनी घटले. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतील, बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांतील होती. आठवड्याच्या इतर दिवसांतील प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सैनिक तेच होते आणि त्यांची दुःखेही तीच होती. बदलले होते ते फक्त माणूस आणि शस्त्र यांमधील अंतर. आणि तेवढ्याने माणसे जगली.

घरातही हेच तत्त्व लागू पडते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार सवयी वेगवेगळ्या तपासण्यात आल्या : बंदूक कुलपात ठेवणे, ती रिकामी ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे आणि ती बंदुकीपासून दूर ठेवणे. या चारही सवयींचा मुलांच्या व किशोरांच्या अपघाताचा आणि आत्महत्येचा धोका कमी असण्याशी संबंध आढळला. बंदूक आणि दारू एके ठिकाणी नसावी, ही समज अर्थात नवी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही, गडावरील दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा अशी सूचना आहे. गडावरच्या अनुभवी माणसांना जे उमगले होते, ते घराच्या चार भिंतींतही तितकेच खरे आहे.

कायद्याची दृष्टी

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या आजच्या रूपात २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला सामान्यतः बंदूक बाळगता येत नाही. एका व्यक्तीने किती बंदुका ठेवाव्यात, ही मर्यादा १९८३ च्या दुरुस्तीनुसार तीन होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन झाली. लग्नाच्या वरातीत वा अन्य आनंदप्रसंगी इतरांचा जीव धोक्यात येईल अशा रीतीने गोळीबार करणे हा त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. म्हणजे बंदूक मिरवण्याचा हव्यास जेथे भिंत सोडून रस्त्यावर आला, तेथे कायद्याला हस्तक्षेप करावा लागला.

ज्या शस्त्राचा काळ लोटला आहे, जे मोडकळीस आले आहे आणि दुरुस्त करूनही ज्यातून बार निघणार नाही, अशा शस्त्राला मात्र कायद्याच्या ४५ व्या कलमाने सवलत दिली आहे. स्मृती म्हणून भिंतीवर काय ठेवावे, याचे उत्तर शोधताना हे कलम उपयोगी पडते.

अन्य देशांचे नियम पाहिले तर त्यांचा रोखही याच दिशेने आहे. कॅनडाच्या १९९८ च्या नियमांनी बंदुकीची साठवण आणि बंदुकीचे प्रदर्शन या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. साधी बंदूक घरात मांडून ठेवण्यास तेथे मनाई नाही. परंतु ती रिकामी असली पाहिजे, कुलपाच्या साधनाने निकामी केलेली वा कुलूपबंद कपाटात असली पाहिजे आणि तिला चालणारी काडतुसे तिच्याजवळ असता कामा नयेत. जपानमध्ये बंदुकीचे कुलूपबंद कपाट वेगळे आणि काडतुसांचे वेगळे ठेवावे लागते, आणि पोलीस त्यांची नियमित तपासणी करतात. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक-सैनिक आपली रायफल घरी ठेवतो, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पूर्वी तिच्याबरोबर मोहोरबंद डब्यात काडतुसेही दिली जात. ती परत घेण्याचा निर्णय २००७ साली झाला. रायफलीही शस्त्रागारात जमा कराव्यात, हा प्रस्ताव २०११ च्या सार्वमतात मतदारांनी फेटाळला. रायफल घरी राहिली, काडतुसे मात्र गेली. परंपरा आणि सुरक्षितता यांत त्या देशाने घातलेला हा मेळ होय.

'हाताशी असावी' हा आक्षेप

बंदूक रिकामी करून कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावयाची, तर मग ती बाळगावयाची कशाला, असा आक्षेप येथे घेतला जाईल. दरोडेखोर दाराशी आले असता किल्ल्या शोधीत बसावे काय? आक्षेप हास्यास्पद नाही. गावापासून दूर मळ्यात राहणाऱ्या कुटुंबाची भीती शहरात बसून नाकारणे योग्य होणार नाही.

तथापि दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला पाहिजे. दरोड्याची रात्र आयुष्यात एखादे वेळी येते, बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही. उलट मूल घरात रोज असते. राग, दारू, भाऊबंदकी आणि निराशा याही रोजच्या गोष्टी आहेत. एका संभाव्य रात्रीसाठी भरलेली बंदूक उघड्यावर ठेवणे, म्हणजे वर्षाचे उरलेले सर्व दिवस पणाला लावणे होय. शिवाय झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला अंधारात चोर आणि उशिरा परतलेला मुलगा यांतील भेद कळेलच, याची हमी कोण देणार? मजबूत दार, आतली कडी, अंगणातला दिवा, कुत्रे आणि हाकेला ओ देणारे शेजारी हे उपाय कमी रुबाबदार असले, तरी ते घरातल्या माणसावर उलटत नाहीत. आता अंकांच्या खुणेने वा बोटाच्या ठशाने काही क्षणांत उघडणारी पोलादी कपाटेही मिळतात. तेव्हा कुलूप म्हणजे विलंब, हे समीकरणही पूर्वीइतके खरे राहिलेले नाही.

जेथे गरज खरोखरीची आणि आधी कळणारी असते, तेथे प्रश्न आपोआप सुटतो. उभ्या पिकात रानडुकरे येतात म्हणून राखणीला बसलेला शेतकरी बंदूक खुंटीवर ठेवून बसत नाही. ती त्याच्या हातात असते. काम संपले की ती रिकामी होऊन कुलपात गेली पाहिजे. यातून जो नियम निघतो तो असा : चालू बंदुकीला दोनच जागा आहेत, जाणत्या आणि परवानाधारक माणसाचा हात किंवा कुलूप. खुंटी, उशी, माळा, मोटारीचा कप्पा या तिसऱ्या जागा होत, आणि तिसरी जागा तिला असू नये.

व्यवहारातील काही सूचना

हा नियम रोजच्या व्यवहारात उतरवावयाचा तर पुढील गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट, बंदूक घरात येताच ती रिकामी आहे की नाही हे स्वतः पाहावे. दुसऱ्याने 'रिकामी आहे' म्हणून सांगितलेली बंदूक भरलेलीच समजावी. नळी माणसाकडे कधीही करू नये, ती रिकामी असल्याची खात्री असली तरीही.

दुसरी गोष्ट, पोलादी कपाट भिंतीला वा जमिनीला पक्के बसवलेले असावे. काचेच्या दाराचे शोभेचे कपाट म्हणजे कुलूप नव्हे. काच ही दगडाच्या एका फटक्याची धनी असते. काडतुसे दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या किल्लीखाली ठेवावीत.

तिसरी गोष्ट किल्लीची. कपाट भक्कम आणि किल्ली त्याच कपाटावरच्या फुलदाणीत, असे असेल तर सर्व व्यवस्था फुकट जाते. लपवलेली किल्ली ही लपवलेली बंदूकच समजली पाहिजे. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी.

चौथी गोष्ट, घरातल्यांपासून बंदुकीचे अस्तित्व चोरून ठेवू नये. घरात बंदूक आहे, ती कुलपात आहे, तिला हात लावावयाचा नाही आणि दुसऱ्या कोणाच्या घरी ती दिसली तर तेथून दूर होऊन मोठ्या माणसाला सांगावयाचे, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. कुतूहल जेवढे दाबावे तेवढे वाढते. मात्र एवढे सांगितले म्हणून कुलपाकडे दुर्लक्ष करू नये.

पाचवी गोष्ट, ठरलेल्या दिवशी कपाट उघडून बंदूक आणि काडतुसे मोजावीत. भिंतीवरच्या बंदुकीचा जो एक गुण वर सांगितला, की ती नसल्याचे दिसते, तो गुण या मोजदादीने कुलपातल्या बंदुकीलाही मिळतो.

सहावी गोष्ट बोलण्यास अवघड, पण सर्वांत अगत्याची. घरातील कोणी माणूस खचला असेल, अबोल झाला असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला असेल, तर कुलपावरही विसंबू नये. बंदूक त्या काळापुरती घराबाहेर काढावी. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती सुरक्षित ठेव म्हणून देता येते. पोलीस ठाण्यातही तशी विचारणा करता येते. निवडणुकीच्या काळात हजारो परवानाधारक आपली शस्त्रे जमा करतात आणि नंतर परत घेतात. त्यात कोणाची मानहानी होत नाही. गावाच्या शांततेसाठी जे केले जाते, ते घरातल्या एका जिवासाठी करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आणि खचलेला माणूस स्वतः परवानाधारक असेल, तर किल्ली मागून घेण्याचे व बंदूक जमा करण्यास त्याला राजी करण्याचे काम त्याच्या भावाने, पत्नीने वा मित्राने मागेपुढे न पाहता केले पाहिजे.

उरतो प्रश्न स्मृतीचा. आजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर असावी, ही इच्छा मुळीच अयोग्य नाही. ती जाणकाराकडून तपासून घ्यावी, तिच्यातून बार निघू शकत नाही याची खात्री करावी आणि कायद्याच्या दृष्टीने ती कोणत्या वर्गात मोडते हे जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून लेखी समजून घ्यावे. असे झाल्यावर ती भिंतीवर खुशाल लावावी, खाली आजोबांचे नाव आणि साल लिहावे आणि तिची हकीकत नातवंडांना सांगावी. जिच्यातून बार निघत नाही, ती वस्तू आता इतिहासाची आहे. जिच्यातून निघू शकतो, तिला शोभेची वस्तू मानणे ही चूक आणि ती लपवली म्हणजे सुरक्षित झाली असे मानणे ही दुसरी चूक. या दोन्ही चुका टाळणारा गृहस्थ बंदूक कोणाला दिसते आणि कोणाला दिसत नाही याची फारशी चिंता करीत नाही. तिच्यापर्यंत कोणाचा हात पोचू शकतो, एवढेच तो रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी पाहतो.